प्रादेशिक विद्यापीठातील बीजनिधी : संशोधन आणि सर्जनशील काम यांना एकाच नियमावलीत कसे बसवावे?

माळरान

नमस्कार. मी महाराष्ट्रातील एका राज्य विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. आमच्याकडे शिक्षकांसाठी बीजनिधी योजना, म्हणजे नवे काम सुरू करायला विद्यापीठाने द्यायची छोटी रक्कम, तीन वर्षांपासून सुरू आहे. अर्थसंकल्पात तिच्यासाठी दरवर्षी २५ लाख रुपयांची तरतूद असते आणि यंदा तिची नियमावली नव्याने लिहिण्यासाठी सात जणांची समिती नेमली आहे. त्या समितीत माझे नाव आहे. पहिल्या बैठकीआधी मी मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या फायली मागवून वाचल्या. त्यांत जे दिसले ते येथे मांडते आणि ज्यांनी असे काम केले आहे त्यांचा सल्ला मागते.

पहिली गोष्ट अशी की निधीचा फार मोठा भाग रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या दोन विभागांकडे गेला आहे. त्या सहकाऱ्यांनी काही गैर केले असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांचे प्रस्ताव नीट लिहिलेले होते आणि मिळालेल्या पैशांत त्यांनी प्रामाणिक काम केले. पण अर्जाचा नमुनाच असा आहे की त्यातील तिसरा रकाना ‘खरेदी करावयाच्या उपकरणाचे नाव’ हा आहे आणि शेवटचा रकाना ‘अपेक्षित शोधनिबंधांची संख्या’ हा आहे. मराठी विभागातील एका सहकारी बाईंनी आपल्या तालुक्यातील सत्तरीच्या पुढच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यासाठी ४० हजार रुपये मागितले होते. ‘निष्पत्ती स्पष्ट नाही’ एवढा शेरा मारून तो प्रस्ताव परत पाठवला गेला. नाट्यशास्त्राच्या एका शिक्षकांनी तमाशातील जुन्या वगांच्या हस्तलिखित वह्या मिळवून, त्यांतील एक वग जुन्या कलावंतांना सोबत घेऊन पुन्हा उभा करण्याचा प्रस्ताव दिला होता. त्यावर ‘हे संशोधन आहे की सांस्कृतिक कार्यक्रम?’ असा प्रश्न लिहिलेला आहे आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणीच न दिल्यामुळे फाईल तिथेच थांबली आहे.

दुसरी गोष्ट अशी की मंजुरी जानेवारीत मिळते आणि खर्च ३१ मार्चच्या आत करायचा असतो.

माझे प्रश्न असे आहेत. सर्जनशील कामासाठी निधीचा वेगळा वाटा राखून ठेवावा, की सर्वांनी एकाच निधीतून मागावे? नाटक, चित्रे, कवितासंग्रह, भाषांतर अशा कामाचे मूल्यमापन कोणी आणि कशाच्या आधारे करावे? आणि खर्चाची पद्धत लेखापरीक्षणाला चालेल, तरी शिक्षकाचा जीव घेणार नाही, अशी करता येते का?

रानवाटा

मॅडम, मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि अशा समितीवर दोनदा काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम बीजनिधी कशासाठी आहे हे समितीने एका वाक्यात लिहून काढावे. आमच्याकडे हे लिहिलेलेच नव्हते, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते त्याने मागितले. नॅक, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, हिच्या २०१७ च्या पद्धतीत विद्यापीठांसाठी संशोधनाच्या निकषाला २५० गुण होते आणि शिक्षकांना दिलेला बीजनिधी ही त्यातील एक स्वतंत्र बाब होती. बहुतेक ठिकाणी योजना त्यामुळेच सुरू झाली, हे मान्य करायला हरकत नाही. मात्र ती ज्या कारणाने सुरू झाली त्याच कारणासाठी ती चालवावी, असे बंधन आपल्यावर नाही.

माझे मत असे आहे की दुसरे कोणीही ज्याला पैसे देणार नाही, त्या पहिल्या टप्प्याच्या कामासाठी हा निधी असावा. एकेकाळी ही गरज विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु संशोधन प्रकल्प भागवत असत. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विज्ञानासाठी ५ लाख आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांसाठी ३ लाखांपर्यंत रक्कम मिळत असे. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयातल्या शिक्षकाने आयुष्यात पहिल्यांदा प्रकल्प लिहिला तो या योजनेसाठी. ती योजना थांबली आणि मोठी पोकळी तयार झाली. नंतर राज्य विद्यापीठांतील शिक्षकांसाठी विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाने ‘शुअर’ ही योजना आणली, तीत तीन वर्षांसाठी ३० लाखांपर्यंत रक्कम होती. आता त्या मंडळाचे काम २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आले आहे. पण अशा कोणत्याही ठिकाणी अर्ज करायचा तर हातात काहीतरी प्राथमिक निरीक्षणे लागतात. ती निरीक्षणे मिळवून देणे, हे बीजनिधीचे काम. उपकरण घेण्यासाठी ३ लाख देण्यापेक्षा सहा जणांना ५० हजार देऊन वर्षभर शिवारात, दप्तरखान्यात, वस्तीत फिरू द्यावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

फिरू द्यावे असे म्हणतो त्याला कारण आहे. प्रादेशिक विद्यापीठाचे बळ त्याच्या प्रदेशात असते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतील कंदीलपुष्पांवर वर्षानुवर्षे काम केले, नव्या प्रजातींची नोंद केली, आणि विद्यापीठाच्या आवारातील उद्यानात दुर्मीळ वनस्पती वाढवून जतन केल्या. कास पठार ज्याचा भाग आहे तो पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी पावसात सड्यांवर गुडघे टेकून बसत होती. त्याच विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासकार होते. ताराबाईंच्या काळातील कागदपत्रे त्यांनी संपादित केली आणि विद्यापीठाने ती खंडशः प्रसिद्ध केली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या, अजून इमारती उभ्या करण्यात गुंतलेल्या विद्यापीठाला हे काम आपले वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोन्ही उदाहरणांत विषय दाराशी होता आणि तो दुसऱ्या कोणाच्या दाराशी नव्हता.

वेगळा वाटा राखून ठेवण्याला माझा विरोध आहे. वाटा ठेवला की तो ‘त्यांचा’ होतो आणि पुढच्या वर्षी कपात करायची वेळ आली की सर्वप्रथम त्यालाच कात्री लागते. त्याऐवजी रकमेनुसार दोन गट करावेत. ५० हजारांपर्यंतच्या मागणीसाठी दोन पानांचा अर्ज, एकच वाचन आणि ३० दिवसांत निर्णय. त्यावरच्या मागणीसाठी सविस्तर प्रस्ताव आणि सादरीकरण. ओव्यांचा प्रस्ताव पहिल्या गटात आपोआप बसतो आणि त्याला ऑसिलोस्कोपसारख्या महागड्या उपकरणाच्या शेजारी उभे राहून स्वतःचे समर्थन करावे लागत नाही.

आणखी एक सांगतो. नाकारलेल्या प्रत्येक प्रस्तावाला किमान दहा ओळींचे कारण लेखी द्यावे. आम्ही दुसऱ्या वर्षी हे सुरू केले तेव्हा समितीतील काही सदस्यांना ते ओझे वाटले, पण कारण लिहायचे म्हटल्यावर प्रस्ताव खरोखर वाचावा लागतो. त्याच वर्षी नाकारलेल्यांपैकी काही जणांनी पुढच्या वर्षी सुधारून अर्ज केले. त्याआधी एकदा नाकारलेला माणूस पुन्हा कधीच अर्ज करीत नसे.

जमाखर्च

मी एका विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागातून निवृत्त झालो आहे. शिक्षकांना आमचा विभाग अडवणुकीचा वाटतो हे मला माहीत आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो आणि मार्गही सांगतो.

आपण लिहिलेली ३१ मार्चची अडचण ही बहुतांशी विद्यापीठाने स्वतःवर ओढवून घेतलेली असते. शासनाकडून किंवा केंद्रीय संस्थेकडून आलेल्या अनुदानाला त्या त्या संस्थेची मुदत असते आणि पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्यावेच लागते. बीजनिधी मात्र सामान्यतः विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून दिला जातो. तो एका वर्षाच्या महसुली खर्चात दाखवला की वर्षअखेरीस शिल्लक रक्कम परत जमा होते. हाच निधी व्यवस्थापन परिषदेच्या मान्यतेने राखीव संशोधन निधी म्हणून वेगळा ठेवला, तर मंजूर प्रकल्पाची उरलेली रक्कम पुढच्या वर्षात नेता येते. नियमावलीत हे कलम सुरुवातीलाच घाला आणि त्याचा मसुदा वित्त व लेखा अधिकाऱ्यांना सोबत बसवून लिहा. आम्हाला विचारून केलेली नियमावली आम्हीही मनापासून राबवतो.

अग्रिमाबद्दल, म्हणजे आगाऊ उचललेल्या रकमेबद्दल, असे आहे की मागच्या अग्रिमाचे समायोजन झाल्याशिवाय नवा अग्रिम देता येत नाही. शिक्षक मंडळी पहिल्या अग्रिमाच्या पावत्या वर्षभर कपाटात ठेवतात आणि मग दोन्हीकडून मनस्ताप होतो. यावर उपाय म्हणजे रक्कम दोन हप्त्यांत द्यावी आणि पहिल्या हप्त्यातील ठरावीक भागाचा हिशेब आला की दुसरा हप्ता सोडावा. शिवाय प्रवास, मानधन, साहित्य अशा शीर्षांमध्ये मंजूर रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत फेरफार करण्याचा अधिकार शिक्षकालाच द्यावा. शीर्ष बदलायला परवानगी मागणारी फाईल पाच टेबलांवरून फिरते, आणि तेवढ्या काळात पाऊस संपून जातो आणि ज्यावर काम करायचे ते फूलही संपून जाते.

खरेदीच्या बाबतीत वारे बदलत आहेत. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम शिथिल केले. त्यांत संशोधनासाठीची विशेष उपकरणे जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेरून घेण्याची परवानगी देण्याचा अधिकार संस्थेच्या संचालकांना आणि कुलगुरूंना दिला आहे. राज्य विद्यापीठांना आपली लेखा संहिता आणि राज्याचे खरेदी धोरण पाळावे लागते, त्यामुळे हा आदेश आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पण समितीने शासनाकडे काही मागायचे ठरवले तर हा दाखला हाताशी ठेवावा.

पडद्यामागे

मी मराठी शिकवतो आणि गेली पंधरा वर्षे नाटक करतो. आपल्या फायलीतील ‘संशोधन आहे की सांस्कृतिक कार्यक्रम?’ हा शेरा वाचून मन खिन्न झाले, कारण हाच प्रश्न मला माझ्या पदोन्नतीच्या वेळी तोंडी विचारला गेला होता.

रानवाटा सरांशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. वेगळा वाटा हवाच, निदान पहिली पाच वर्षे तरी हवा. त्याचे कारण शिक्षकांच्या गुणांच्या तक्त्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमात संशोधन गुणांचा जो तक्ता आहे, त्यात भाषा आणि मानव्यविद्येच्या शिक्षकाला एका शोधनिबंधाला १० गुण आहेत, राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १० गुण आहेत आणि भाषांतरित पुस्तकाला ८ गुण आहेत. नाटक लिहिणे, बसवणे, कवितासंग्रह, चित्रांचे प्रदर्शन, संगीतरचना यांसाठी त्यात वेगळे कलम नाही. प्राध्यापकपदाच्या पदोन्नतीसाठी याच तक्त्यातून ११० गुण जमवायचे असतात. अशा स्थितीत एखादा तरुण शिक्षक दोन वर्षे देऊन एक नाटक उभे करण्याचे धाडस करील, तेव्हा त्याच्या पदोन्नतीत ती दोन वर्षे रिकामी दिसणार आहेत. विद्यापीठाला तो तक्ता बदलता येत नाही. पण आपल्या स्वतःच्या निधीचा काही भाग राखून ‘हे काम आम्ही काम मानतो’ असे सांगता येते, आणि अशा सांगण्याने माणसाला किती धीर येतो हे मी स्वतः अनुभवले आहे. बीजनिधीचा चौथा हिस्सा सर्जनशील कामासाठी ठेवावा असे मी सुचवेन.

आता मूल्यमापनाविषयी. कलाकृती चांगली होईल की नाही हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे समितीने तो अंदाज बांधण्याच्या फंदात पडू नये. प्रस्तावातून तीन गोष्टी पाहाव्यात. शिक्षक कोणत्या सामग्रीला किंवा प्रश्नाला हात घालतो आहे, त्यासाठी लागणारी तयारी त्याने केली आहे का, आणि काम संपल्यावर मागे काय उरणार आहे. तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे. वगाच्या प्रस्तावाचेच घ्या. प्रयोग दोन रात्री होईल आणि संपेल. पण त्या वह्या स्कॅन होऊन ग्रंथालयात जमा झाल्या, कलावंतांकडून ऐकलेल्या चाली ध्वनिमुद्रित झाल्या, संहितेत कुठे गाळलेले होते आणि ते कोणाच्या आठवणीतून भरले याची नोंद झाली, आणि हे सगळे सांगणारा दोन-तीन हजार शब्दांचा प्रक्रियालेख शिक्षकाने लिहिला, तर पुढच्या अभ्यासकाला तो ठेवा कायमचा मिळतो. हा प्रक्रियालेख सक्तीचा करावा. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचे जे राष्ट्रीय मूल्यमापन होते, त्यातही प्रयोग, प्रदर्शने आणि संगीतरचना संशोधन म्हणून सादर करता येतात, तेव्हा ही कल्पना कोणाला अभ्यासबाह्य वाटू नये.

परीक्षक दोन असावेत आणि त्यांपैकी एक विद्यापीठाबाहेरचा, प्रत्यक्ष ती कला करणारा असावा. तमाशाच्या प्रस्तावाला फडात आयुष्य घालवलेल्या माणसाने वाचावे, त्याला वाचता येत नसेल तर शेजारी बसून ऐकवावे. त्याला योग्य मानधन द्यावे आणि त्याच्या मताला पीएच.डी. असलेल्या परीक्षकाच्या मताइतकेच वजन द्यावे.

ओव्यांच्या प्रस्तावाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘निष्पत्ती स्पष्ट नाही’ या शेऱ्याला महाराष्ट्रातच उत्तर आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. पुढे हा संग्रह ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणांसह सर्वांसाठी खुला झाला. बाईने बाईला सांगितलेले सासर, माहेर, भूक, आंबेडकर, पंढरी, सगळे त्यात आहे. हे प्रचंड काम विद्यापीठांच्या चौकटीबाहेर झाले, याचा आपण विद्यापीठातील लोकांनी विचार केला पाहिजे. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्याला आता पिढ्या लोटल्या. ज्या बायकांना दळताना म्हटलेल्या ओव्या आठवतात, त्या आज सत्तरीच्या आणि ऐंशीच्या आहेत. तुमच्या सहकारी बाईंचा प्रस्ताव पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखा नाही. समितीच्या अधिकारात असेल तर नवी नियमावली होण्याची वाट न पाहता तो यंदाच मंजूर करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फक्त एक अट घालावी. गाणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने ओवीसोबत लिहिले जावे आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिच्या घरी पोहोचावी.

आणखी एक उदाहरण देऊन थांबतो. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत अध्यापन करीत असताना साठच्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ सुरू केले आणि पुढे कित्येक दशके चालवले. दलित साहित्यातील किती लेखकांचे पहिले लेखन त्यातून आले! हे संशोधन होते, की संपादन, की सर्जन, की चळवळ? कोणत्याही रकान्यात ते पुरते मावत नाही. पण विद्यापीठीय शिक्षकाने आपल्या प्रदेशासाठी काय करावे असे मला कोणी विचारले, तर मी सर्वात आधी त्या नियतकालिकाचे नाव घेतो.

तासिका

मी तासिका तत्त्वावर शिकवते. नेट आणि पीएच.डी. दोन्ही आहे आणि हे माझे नववे वर्ष आहे. वरील चर्चेत ‘शिक्षक’ हा शब्द वारंवार आला आहे, तेव्हा नम्रपणे विचारते की त्यात आम्ही आहोत का? मी पाहिलेल्या प्रत्येक नियमावलीत ‘पूर्णवेळ, नियमित शिक्षक’ असे शब्द आहेत. जागा वर्षानुवर्षे भरल्या गेलेल्या नसल्यामुळे अनेक विभागांत निम्म्याहून अधिक तास आमच्यासारखेच लोक घेतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला मानधन नसते, आणि क्षेत्रकार्याला मोकळा वेळ नेमका तेव्हाच असतो. नियमित सहकाऱ्यासोबत सहसंशोधक म्हणून तरी आमचे नाव घेता येईल आणि त्या काळाचे मानधन प्रकल्पातून देता येईल, असे एक कलम आपण घालू शकलात, तर ते आम्हाला फार मोठे असेल.

सातासमुद्रापार

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, कॅलिफोर्नियातील एका सरकारी विद्यापीठात शिकवतो. येथील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी ही संस्था आपल्याकडील प्रादेशिक विद्यापीठांच्या जवळची आहे. मुख्य भर अध्यापनावर, विद्यार्थी बहुतेक आसपासच्या भागातले आणि अनेक जण घरातील पहिलेच पदवीधर. येथे ‘संशोधन, विद्वत्कार्य आणि सर्जनशील कार्य’ असे तीन शब्द एकत्रच वापरले जातात, त्यामुळे चित्रकाराने आणि जीवशास्त्रज्ञाने एकाच योजनेत अर्ज करणे कोणाला वावगे वाटत नाही. त्याचे श्रेय पुष्कळ अंशी १९९० मध्ये कार्नेगी फाउंडेशनचे अर्नेस्ट बॉयर यांनी मांडलेल्या विचाराला जाते. नव्याचा शोध, अनेक विषयांची सांगड, ज्ञानाचा समाजासाठी उपयोग आणि अध्यापन या चारही गोष्टी विद्वत्कार्यच आहेत, असे त्यांनी म्हटले होते.

मला सांगायचे आहे ते वेळेबद्दल. येथे पूर्ण कार्यभार १५ एककांचा मानतात, त्यातील १२ एकके प्रत्यक्ष अध्यापनाची असतात. अंतर्गत अनुदान बहुधा रोख न मिळता एका अभ्यासक्रमातून सुटका म्हणून मिळते, म्हणजे एका सत्रात ३ एकके कमी शिकवायची. मला एकदाच अशी सुटका मिळाली आणि पाच वर्षे रखडलेले भाषांतर त्या साडेतीन महिन्यांत पूर्ण झाले. पैसे मिळाले असते तर ते झाले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपल्याकडे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन आणि त्यावर परीक्षा, प्रवेश, नॅकची कागदपत्रे असे सगळे असते. समितीने निधीतून वर्षाला चार-पाच जणांना एका सत्रात चार तासांची सवलत दिली आणि ते तास घेणाऱ्या शिक्षकाचे मानधन निधीतून दिले, तर कमी पैशांत फार मोठा परिणाम दिसेल. तासिका मॅडमचे म्हणणे वाचून मात्र मी थोडा थबकलो आहे. ही सवलत दुसऱ्या कोणाच्या अल्प मानधनावर उभी राहू नये, म्हणून त्या तासांचा दर विद्यापीठाने आपल्या निधीतून वाढवून द्यावा.

पडद्यामागे

वरील सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एक मुद्दा राहून गेला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली केअर सूची फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिकांचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या पत्रिकांचे यामुळे फावेल ही भीती खरी आहे. पण मराठीतून गंभीर लेखन करणाऱ्यांसाठी ही एक संधीही आहे. वाईचे ‘नवभारत’, मराठी संशोधन मंडळाची ‘मराठी संशोधन पत्रिका’, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, ‘परामर्श’ अशा नियतकालिकांत लिहिलेल्या लेखाला विद्यापीठाने विचारपूर्वक निकष लावून मान्यता दिली, तर शिक्षकाला आपल्या प्रदेशाविषयी त्या प्रदेशाच्या भाषेत लिहिता येईल. ओव्यांवरचा लेख इंग्रजीत लिहायला लागणे हे त्या बाईंवर आणि ओव्यांवरही अन्यायाचे आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमात संशोधन मंडळाची तरतूद आहेच, हा विषय तेथे मांडता येईल.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची दुसरी बैठक झाली आणि आपल्या सूचना मी त्यात वाचून दाखवल्या. ५० हजारांपर्यंतच्या मागणीसाठी दोन पानांचा अर्ज आणि नाकारण्याचे लेखी कारण या दोन गोष्टी एकमताने मान्य झाल्या. वेगळ्या वाट्यावर बराच वाद झाला. शेवटी पाच वर्षांसाठी २० टक्के, आणि एखाद्या वर्षी पुरेसे प्रस्ताव न आल्यास उरलेली रक्कम पुढच्या वर्षी त्याच कामासाठी, असे ठरले. रानवाटा सरांना भीती आहे ती कपात टाळण्यासाठी हा वाटा रकमेत न लिहिता टक्केवारीत लिहिला आहे.

तासिका मॅडम, सहसंशोधकाचे कलम मसुद्यात घातले आहे. सुट्टीतील मानधनाच्या तरतुदीला मात्र एका सदस्यांची हरकत आहे आणि तो मुद्दा पुढच्या बैठकीत येईल. मी तो सोडणार नाही. वेळेच्या सवलतीसाठी कुलगुरूंची स्वतंत्र मान्यता लागेल, म्हणून आधी तीन जणांपुरता प्रयोग करण्याचा ठराव केला आहे.

ओव्यांचा प्रस्ताव अध्यक्षांनी त्यांच्या अधिकारात मंजूर करण्याचे मान्य केले आहे. आता एकच अडचण उरली आहे. त्या बायकांना प्रत्येकी ५०० रुपये मानधन द्यायचे आहे. अनेकींचे बँक खाते बंद पडलेले आहे, काहींना सही येत नाही, आणि लेखा विभाग म्हणतो की रोख मानधन चालणार नाही. जमाखर्च सर, काय करावे?

जमाखर्च

मॅडम, रोख मानधन चालते, फक्त त्याची मान्यता मंजुरीच्या आदेशातच हवी. आदेशात ‘क्षेत्रकार्यातील माहितीदात्यांना प्रत्येकी ५०० रुपयांपर्यंत रोख मानधन, प्रमाणकाच्या (व्हाउचरच्या) आधारे’ असे वाक्य घालून घ्या. नंतर घालायला गेलात तर ती कार्योत्तर मान्यता होते आणि तिला फार वेळ लागतो. प्रत्येक बाईसाठी स्वतंत्र प्रमाणक करावे. त्यावर नाव, गाव, दिनांक, अंकी आणि अक्षरी रक्कम, कोणत्या कामासाठी दिली ते, आणि तिची सही किंवा डाव्या हाताचा अंगठा असावा. अंगठा असेल तर तो कोणाचा हे शेजारी लिहून त्याच गावातील एका साक्षीदाराची सही घ्यावी. शाळेतील शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका चालेल. रक्कम ५ हजारांच्या आत असल्यामुळे रेव्हेन्यू स्टॅम्पची गरज नाही. ध्वनिमुद्रणाचा क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवावा, म्हणजे लेखापरीक्षकाला खर्च आणि काम दोन्ही एका ठिकाणी दिसतील. शाईचा पॅड सोबत न्यायला विसरू नका, आणि अंगठा पुसायला ओले फडकेही न्या, म्हाताऱ्या बायकांना शाईचे हात घेऊन चुलीपाशी जाणे आवडत नाही.